स्कोअर कमी, तरी धाप का?



एप्रिल २०२१ मध्ये आमच्या भिलाई-दुर्ग भागात घरोघरी दोनच आकडे विचारले जात होते. एक, ऑक्सिजन किती? दुसरा, स्कोअर किती? दुर्ग जिल्ह्यात ६ एप्रिलपासून टाळेबंदी होती, रस्ते ओस होते आणि फोन मात्र सारखे वाजत होते. ऑक्सिजनचा आकडा बोटाला लावलेल्या लहानशा यंत्रावर दिसे. स्कोअर सीटी स्कॅनच्या कागदावर 'पंचवीसपैकी अमुक' असा लिहून येई आणि परीक्षेच्या निकालासारखा नातेवाइकांमध्ये फिरे. आठ आला म्हणजे हुश्श, अठरा आला म्हणजे घरात सन्नाटा.

पण काही रुग्णांत या दोन आकड्यांचा मेळ बसत नसे. स्कोअर सात किंवा आठ, फुप्फुसाचा मोठा भाग स्वच्छ, आणि तरीही माणूस धापा टाकतो आहे, नाडी एकशेवीसच्या घरात आहे, ऑक्सिजन खाली चालला आहे. असे होण्याची जी कारणे असतात त्यांतले एक अतिशय गंभीर कारण म्हणजे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी. ती साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही. ती का दिसत नाही, आणि दिसावी म्हणून काय करावे लागते, हे या लेखात सांगायचे आहे.

मी डॉक्टर नाही. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगच्या जोडांची रेडिओग्राफी करणे हा माझा व्यवसाय, आणि आपल्या शाळेतील एका छात्राचा मी पालक. लोखंडी नळीचा सांधा न कापता आत भेग आहे का हे किरणांनी पाहायचे, एवढेच माझे शास्त्र. पण किरण लोखंडातून जावोत की माणसाच्या छातीतून, त्यांचे नियम बदलत नाहीत. म्हणून हे धाडस. औषधोपचाराचा सल्ला मात्र माझ्याकडून घेऊ नका.

हवेची बाजू आणि रक्ताची बाजू

फुप्फुसात दोन रस्ते एकमेकांना येऊन भिडतात. हवा श्वासनलिकेतून निघते, फांद्या-उपफांद्यांनी बारीक होत जाते आणि सुमारे तीस कोटी वायुकोशांपर्यंत पोचते. रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून निघते आणि फुप्फुस रोहिणीतून तसेच बारीक होत वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांत पसरते. (रोहिणी असूनही हिच्यात ऑक्सिजन कमी असलेले रक्त वाहते. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.) हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ आहे. माणूस स्वस्थ बसलेला असतानासुद्धा दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त, म्हणजे जवळजवळ शरीरातले सगळे रक्त, या पडद्याजवळून जाते.

न्यूमोनियात हवेची बाजू बिघडते. वायुकोशांत पाणी आणि सूज भरते, हवा आत शिरत नाही. गुठळीत रक्ताची बाजू बिघडते. वायुकोश उघडा आहे, हवा आत आली आहे, पण तिच्यातला ऑक्सिजन उचलून नेणारे रक्त तिथपर्यंत येतच नाही.

भिलाईकरांना हे पटकन समजेल. पोलादासाठी हवा थंड करून तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढतात, तो उणे १८३ अंशांखाली द्रवरूप असतो. त्या दिवसांत हाच ऑक्सिजन टँकरमधून रुग्णालयांकडे जात होता. अडीचशेहून अधिक किलोमीटरवरच्या नागपूरची आणि विदर्भातील इतर रुग्णालयांची भिस्त भिलाईहून येणाऱ्या टँकरवर होती. भिलाईचा वाटा घटवण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेला. आता कल्पना करा. टँकर वेळेवर पोचला, टाकी भरली, नळी रुग्णाच्या नाकापर्यंत आली, हवा वायुकोशातही शिरली, आणि शेवटच्या अर्ध्या मायक्रॉनच्या पलीकडे रस्ता बंद. एवढा आटापिटा करून आणलेला ऑक्सिजन रुग्ण तसाच उच्छ्वासातून बाहेर टाकतो.

रक्ताची बाजू बंद झाली की दुसरेही एक संकट येते. हृदयाचा उजवा कप्पा हलक्या दाबावर रक्त ढकलण्यासाठी बनलेला असतो. पुढची मोठी वाहिनी अचानक तुंबली तर त्याला एकदम जोर लावावा लागतो, तो फुगतो, थकतो. मोठ्या गुठळीने माणूस दगावतो तो बहुधा या थकलेल्या हृदयामुळे.

करोनात गुठळ्या का?

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरखॉव यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणे आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. रक्ताचा प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे, आणि रक्तच गोठण्याकडे झुकणे. सहसा यांतले एखादे कारण असते. ऑपरेशननंतर माणूस पडून राहतो, पायाच्या खोल नीलेत गुठळी होते, ती सुटते, हृदयातून पुढे जाऊन फुप्फुसात अडकते. तीव्र करोनात तिन्ही कारणे एकाच रुग्णात हजर असत. रुग्ण आठवडा-आठवडा अंथरुणात. विषाणूमुळे आणि शरीराच्याच प्रतिकारामुळे वाहिन्यांच्या अस्तराला सूज. आणि त्या दाहामुळे रक्तातले गोठणारे घटक वाढलेले. त्यामुळे काही गुठळ्या पायातून आलेल्या नव्हत्याच, त्या फुप्फुसातच, सुजलेल्या वाहिनीतच तयार झाल्या असाव्यात, असे अनेक डॉक्टरांचे मत झाले.

प्रमाण किती होते? २०२० च्या वसंतात फ्रान्समधून दोन अहवाल जवळजवळ एकाच वेळी आले. बेझांसों येथे ज्या १०० करोना रुग्णांचे डाय देऊन स्कॅन झाले त्यांपैकी २३ जणांच्या फुप्फुसात गुठळी सापडली. स्ट्रासबर्गला अशा १०६ स्कॅनपैकी ३२ मध्ये. नेदरलँड्समध्ये अतिदक्षता विभागातील १८४ रुग्णांचा अभ्यास झाला, तिथेही ३१ टक्के रुग्णांत गुठळ्यांचा त्रास आढळला, आणि त्यांत बहुतेक गुठळ्या फुप्फुसातल्याच होत्या. हे आकडे वाचताना सावध राहा. हे सगळे रुग्णालयात दाखल असलेले, बहुतांशी गंभीर रुग्ण होते, आणि फ्रान्समधल्यांचा स्कॅन डॉक्टरांना काही शंका आली म्हणून झाला होता. घरी ताप येऊन बऱ्या झालेल्या माणसाला हे प्रमाण लागू पडत नाही.

साध्या स्कॅनला काय दिसते

आता माझ्या विषयाकडे येतो. वेल्डिंगच्या जोडामागे फिल्म ठेवली आणि पुढून किरण सोडले, की जिथे धातू भरीव आहे तिथे किरण अडतात आणि फिल्म उजळ राहते. जिथे आत पोकळी किंवा भेग आहे तिथून किरण जास्त जातात आणि फिल्मवर काळा डाग उमटतो. मला दोष दिसतो, कारण लोखंड आणि हवा यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फरक नसेल तर चित्र नाही. जोडाच्या आत लोखंडाइतक्याच घनतेचे दुसरे काही अडकले असते तर मी कितीही डोळे फाडून पाहिले असते तरी ते मला दिसले नसते.

छातीच्या साध्या एक्स-रेत सगळे अवयव एकावर एक पडलेले दिसतात. सीटी स्कॅनमध्ये किरणांची नळी रुग्णाभोवती फिरते, शेकडो कोनांतून मोजमाप घेते आणि संगणक त्यावरून शरीराचे काप रचतो, पावाच्या लादीचे काप करावेत तसे. हे यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांची ओळख तुम्हाला आवडेल. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती, पदविका होती. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात भरती झाले, तिथे रडार शिकले आणि पुढे इतरांना शिकवू लागले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मोर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला, आणि १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत मिळाले.

स्कॅनमधल्या करड्या छटा मोजण्याची पट्टी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पाणी शून्य, हवा उणे १०००. निरोगी फुप्फुस बहुतांशी हवाच, म्हणून ते पट्टीवर खूप खाली, जवळजवळ काळे. वायुकोशांत पाणी भरले की तो भाग वर सरकतो आणि घासलेल्या काचेसारखा धूसर दिसतो. फरक एवढा मोठा असल्यामुळे न्यूमोनिया साध्या स्कॅनमध्ये छान दिसतो. त्या साली सगळ्यांच्या तोंडी असलेला एचआरसीटी म्हणजे हाच, बारीक कापांचा, डाय न देता केलेला स्कॅन. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड, डाव्याचे दोन, प्रत्येक खंड किती भरला यावरून शून्य ते पाच गुण, मिळून पंचवीस. म्हणजे स्कोअर ही हवेच्या बाजूची मोजणी आहे.

रक्ताचे काय? वाहते रक्त त्या पट्टीवर साधारण ४० वर असते. गुठळीही रक्ताचीच, ती त्याहून थोडीच वर. हजारांच्या पट्टीवर एवढासा फरक म्हणजे करड्यात करडे. वाहिनी रिकामी आहे, भरलेली आहे की बुजलेली, हे साधा स्कॅन बहुधा सांगू शकत नाही. स्कोअर आठ आला याचा अर्थ हवेची बाजू बरी आहे. रक्ताच्या बाजूबद्दल त्या कागदावर एक अक्षरही नसते. घरोघरी फिरणाऱ्या त्या आकड्यावर लोकांनी जो भरवसा टाकला तो मला तेव्हाही खटकत होता. यंत्राने खोटे सांगितले नव्हते, त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मागणी इतकी होती की महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये एचआरसीटीचे दर ठरवून दिले, यंत्राच्या क्षमतेप्रमाणे २००० ते ३००० रुपये. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य रुग्णांचे ऊठसूट स्कॅन करू नका असे सांगितले, आणि एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे-चारशे एक्स-रे अशी तुलना केली. क्ष-किरणतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने ही तुलना जुन्या यंत्रांची असल्याचे सांगून लगेच आक्षेप घेतला, आजच्या यंत्रांत मात्रा खूपच कमी असते असे त्यांचे म्हणणे होते. मात्रेच्या बाबतीत मला संघटनेचे म्हणणे पटते. पण घरी चालता-फिरता असलेल्या, ऑक्सिजन नीट असलेल्या माणसाने केवळ आकडा कळावा म्हणून रांगेत उभे राहू नये, हे डॉ. गुलेरियांचे मूळ सांगणे त्याने खोटे ठरत नाही. ज्याला खरोखर यंत्राची गरज होती तोही त्याच रांगेत होता.

रक्ताला रंग देणे

गुठळी दिसायची तर फरक निर्माण करावा लागतो. त्यासाठी रक्तात आयोडीन असलेले औषध सोडतात. आयोडीनचा अणू जड, तो क्ष-किरण चांगले अडवतो. डाय मिसळलेले रक्त पट्टीवर चाळीसवरून तीनशेच्या घरात किंवा त्याहूनही वर जाते, पडद्यावर पांढरे झळकते. गुठळीत डाय शिरत नाही. पांढऱ्या वाहिनीत ती काळी पोकळी म्हणून उठून दिसते. आडव्या कापात चारी बाजूंनी पांढरे कडे आणि मध्ये काळा ठिपका असेल तर डॉक्टर त्याला पोलो मिंटची खूण म्हणतात.

आमच्या कारखान्यातही डाय वापरतात, पण उलट कामासाठी. जोडावर लाल द्रव लावायचा, पुसायचा, आणि भेगेत मुरलेला द्रव पुन्हा वर येतो का ते पाहायचे. तिथे डाय दोषात शिरतो. इथे डाय सगळीकडे जातो, फक्त दोषात जात नाही.

या तपासणीला सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी म्हणतात. नाव लांबलचक असले तरी तिच्यातली खरी कसरत वेळेची आहे. कोपराजवळच्या शिरेत जाड सुई बसवतात आणि पंपाने सेकंदाला चार-पाच मिलिलिटर वेगाने डाय ढकलतात, एकूण साधारण ५० ते १०० मिलिलिटर. रुग्णाला अंगभर ऊब पसरल्यासारखे वाटते, काहींच्या तोंडाला धातूची चव येते. डाय दंडातून छातीकडे, हृदयाच्या उजव्या बाजूत आणि तिथून फुप्फुस रोहिणीत जातो. हा प्रवास काही सेकंदांचाच, पण प्रत्येकाचा वेगळा. हृदय कमजोर असेल तर उशीर, ताप आणि धडधड असेल तर लवकर. स्कॅन आधी सुरू केला तर वाहिन्या रिकाम्या दिसतील. उशीर केला तर डाय पुढे डाव्या हृदयात निघून गेलेला असेल.

म्हणून यंत्र दबा धरून बसते. मुख्य फुप्फुस रोहिणीच्या एकाच कापावर दर सेकंदाला कमी मात्रेचा एक फोटो घेते आणि तिथला आकडा वाचत राहते. आकडा ठरलेल्या पातळीवर चढला की इशारा मिळतो आणि काही सेकंदांत पूर्ण छातीचा स्कॅन उरकतो. गोळीबाराच्या मैदानावर हलत्या लक्ष्यासाठी थांबणाऱ्या नेमबाजासारखेच हे काम आहे, फक्त इथे दुसरी फैर सहज झाडता येत नाही. पुन्हा डाय म्हणजे मूत्रपिंडांवर पुन्हा भार, आणि किरणांची मात्राही दुप्पट.

रुग्णाने काही सेकंद श्वास रोखायचा असतो. धापा टाकणाऱ्या माणसाला हे सांगणे म्हणजे शिक्षाच. खोकला आला की चित्र हलते, आणि हललेल्या चित्रात बारीक वाहिनीतली गुठळी आहे की नाही हे छातीठोक सांगता येत नाही. त्यातही एक गंमत आहे. 'जोरात श्वास घ्या' म्हटले की छातीतला दाब कमी होतो, पोटाकडून डाय नसलेले रक्त हृदयात ओढले जाते आणि नेमक्या क्षणी रोहिणीतला पांढरा रंग फिका पडतो. म्हणून जाणते तंत्रज्ञ बेताचाच श्वास घ्यायला सांगतात.

चित्र आले की रेडिओलॉजिस्ट मुख्य रोहिणीपासून एकेका फांदीचा माग काढत टोकाकडे जातो. दोन्ही फुप्फुसांकडे जाणाऱ्या दुभाजकावर खोगिरासारखी बसलेली मोठी गुठळी क्षणात दिसते. बारीक फांदीतली शोधायला चिकाटी लागते. त्याच चित्रात हृदयाचे दोन कप्पेही मोजतात. एरवी डावा मोठा असतो. उजवा त्याच्यापेक्षा फुगलेला दिसला तर हृदयावर ताण आला आहे, आणि उपचारांची घाई वाढते.

खाटेपासून यंत्रापर्यंत

कागदावर सोपी वाटणारी ही तपासणी लाटेच्या काळात फार अवघड होती. मिनिटाला पंधरा लिटर ऑक्सिजनवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेला, पालथा झोपवलेला रुग्ण उठवून दुसऱ्या इमारतीत न्यायचा. सोबत सिलिंडर, मॉनिटर, संरक्षक पोशाखातले तीन-चार जण. वाटेत ऑक्सिजन घसरला तर काय, याची तयारी. प्रत्येक रुग्णानंतर खोली निर्जंतुक करायची. मूत्रपिंड साथ देत नसेल किंवा आयोडीनच्या डायची पूर्वी तीव्र ॲलर्जी आली असेल तर वेगळाच पेच.

रक्ताच्या तपासणीने चाळणी लावता येईल का? गुठळी विरघळताना रक्तात डी-डायमर नावाचे तुकडे येतात. एरवी लक्षणे संशयास्पद नसतील आणि डी-डायमरही सामान्य असेल, तर डॉक्टर गुठळी नाही असे धरून चालतात. पण दाखल झालेल्या करोना रुग्णांत डी-डायमर बहुतेकांचाच वाढलेला असे. सगळ्याच घरांवर लाल झेंडा असेल तर झेंड्यावरून घर ओळखता येत नाही.

मग डॉक्टर खाटेपाशीच जे करता येईल ते करत. सोनोग्राफीने पायाच्या शिरा पाहायच्या, इकोने हृदयाचा उजवा कप्पा फुगला आहे का ते पाहायचे. आणि बऱ्याचदा चित्राची वाट न पाहता औषध सुरू व्हायचे. एम्स आणि आयसीएमआरच्या एप्रिल २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत मध्यम आणि गंभीर रुग्णांना, रक्तस्रावाचा धोका नसेल तर, गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनची प्रतिबंधक मात्रा देण्यास सांगितले होते.

मग सगळ्यांनाच मोठी मात्रा का देऊ नये, असे कुणी विचारील. हा प्रश्न अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून तपासला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिदक्षतेची गरज नसलेल्या २२०० हून अधिक रुग्णांत उपचाराच्या पूर्ण मात्रेचा फायदा दिसला. अतिगंभीर अशा सुमारे ११०० रुग्णांत तो दिसला नाही, आणि रक्तस्रावाची जोखीम तर असतेच. म्हणजे सर्वांत आजारी माणसाला सर्वांत जास्त औषध, हा सरळ वाटणारा हिशेब चुकला. अशा रुग्णात गुठळी खरोखर आहे का हे चित्राने ठरवण्याला म्हणूनच इतके मोल आहे. गुठळी दिसली तर पूर्ण मात्रा द्यायला ठोस कारण मिळते.

जे या चित्रातही दिसत नाही

इथवर वाचून कुणाला वाटेल की डाय दिला की सगळे उघडे पडते. तसे नाही. २०२० मध्ये करोनाने दगावलेल्या सात जणांच्या फुप्फुसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी प्रसिद्ध झाली. इन्फ्लुएन्झाने दगावलेल्यांच्या तुलनेत करोनाच्या रुग्णांत वायुकोशांभोवतीच्या केशवाहिन्यांतल्या सूक्ष्म गुठळ्या नऊपट आढळल्या. केशवाहिनी केसाहून कितीतरी बारीक, सीटीच्या एका ठिपक्यात अशा कित्येक मावतात. तिच्यातली गुठळी अँजिओग्राफीत दिसणे शक्य नाही.

मग गुठळी सोडून तिची सावली पाहायची. कालव्याचा बांध दिसत नसेल तर कोणते शेत सुकले ते पाहावे. दुहेरी ऊर्जेच्या सीटीत हेच करतात. एकच भाग दोन वेगळ्या शक्तींच्या किरणांनी टिपायचा, उदाहरणार्थ ८० आणि १४० किलोव्होल्टवर. हाड, पाणी, आयोडीन यांची किरण अडवण्याची रीत ऊर्जेप्रमाणे वेगवेगळी बदलते, आणि आयोडीनचा बदल ठळक असतो. दोन चित्रांच्या गणितातून संगणक फक्त आयोडीन वेगळे काढतो आणि फुप्फुसावर त्याचा रंगीत नकाशा पसरतो. जिथे रंग आहे तिथे रक्त पोचले. जिथे काळे आहे तिथे नाही. अमेरिकेतील बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये करोना रुग्णांचे असे नकाशे प्रसिद्ध केले, त्यांत मोठी गुठळी न दिसताही रक्तपुरवठ्यात विचित्र बिघाड होते. काही ठिकाणी तर न्यूमोनियाने भरलेल्या, निकामी भागाकडेच रक्त जास्त धावत होते. ऑक्सिजन का चढत नाही याचा हा एक उलगडा होता.

सियाचिनची आठवण

आपल्या शाळेतल्या अनेकांना सैन्यात जायचे आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गुठळीचा हा शत्रू आपल्या सैन्याला करोनाच्या खूप आधीपासून ठाऊक आहे. अतिउंचीवर दीर्घकाळ राहणाऱ्या जवानांत आपोआप गुठळ्या होण्याचा धोका सुमारे तीसपट असल्याचा अभ्यास लष्करी डॉक्टरांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केला होता. विरखॉवची कारणे तिथेही लागू पडतात. विरळ हवेत शरीर तांबड्या पेशी वाढवते, रक्त दाट होते. थंडीत पाणी कमी प्यायले जाते. हिमवादळात दिवसेंदिवस बंकरमध्ये बसून राहावे लागते, पाय हलत नाहीत. धडधाकट, तरुण, कसलेला जवान, आणि एके सकाळी त्याला धाप लागते.

अशा जवानाला उंचीवरचा फुप्फुसात पाणी भरण्याचा विकार झालेला असू शकतो किंवा गुठळी. पहिला हवेच्या बाजूचा, दुसरा रक्ताच्या. लक्षणे सारखी, उपचार वेगळे. खाली आणणे दोन्हींत हवेच, पण खाली आणल्यावर त्याला कोणत्या तपासणीसाठी पाठवायचे हे ओळखणारा डॉक्टर त्याचा जीव वाचवतो. बंकरमध्ये पायांची हालचाल आणि पाणी पिणे यांबद्दल वरिष्ठ मागे लागतात ते उगाच नाही.

बरे झाल्यावर

गुठळी सापडलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे औषध साधारणपणे निदान तीन महिने चालते, कधी जास्त. बहुतेकांच्या गुठळ्या विरघळतात. थोड्या जणांत त्या वाहिनीच्या भिंतीला चिकटून जून होतात, आणि माणूस करोनातून उठून कित्येक महिने झाले तरी एक जिना चढला की थांबतो. तेव्हा डॉक्टर बहुधा न्यूक्लिअर मेडिसिनचा स्कॅन सांगतात. टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ चिकटवलेले प्रथिनांचे अतिसूक्ष्म कण शिरेतून सोडतात, ते फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत काही काळ अडकतात आणि रक्त कुठे पोचते त्याचा नकाशा कॅमेऱ्यावर उमटतो. तंत्र जुने आहे, आणि आयोडीनचा डाय लागत नसल्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनाही चालते.

पालकांना एक विनंती. त्या साली घरात कुणाचा स्कॅन झाला असेल तर कागदाबरोबर मिळालेली सीडी टाकू नका. छापलेल्या फिल्मवर निवडक काप असतात, सीडीवर सगळे. कागदावर 'प्लेन' लिहिले आहे की 'कॉन्ट्रास्ट', तेही पाहून ठेवा. पुढे कधी धाप लागून डॉक्टरांकडे जावे लागले, तर 'तेव्हा स्कोअर आठ होता' एवढे सांगून भागणार नाही. डाय दिला होता का, हे ते आधी विचारतील.